प्लेअर बाबांच्या हातात द्या

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली. वाचनाचं भयंकर वेड, म्हणून दिरांनी त्यांना व्हिक्टर रीडर स्ट्रीम हा पुस्तकं ऐकवणारा प्लेअर आणून दिला. मी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून मराठी पुस्तकं डाउनलोड करून प्लेअरच्या मेमरी कार्डात टाकते, पण प्रकरण बदलताच येत नाही, नुसतं सलग वाजत राहतं. दरवेळी मलाच लावून द्यावं लागतं आणि बाबा म्हणतात, राहू दे बेटा, मला नाही जमणार. काय करू?
– एक सून, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, बाबांना जमेल, अगदी नक्की जमेल, पण आधी कार्डाचं बघू, कारण गडबड बहुतेक तिथेच आहे. डाउनलोड झालेली झिप फाइल उघडून त्यातल्या फक्त एमपीथ्री फाइली उचलून टाकत असाल तर तसं करू नका. डेझी पुस्तकात, म्हणजे अशा बोलक्या पुस्तकात, आवाजासोबत एनसीसी आणि स्माइल नावाच्या बारक्या बारक्या फाइली येतात, कोणतं प्रकरण कुठे सुरू होतं, पान कुठे बदलतं ते सगळं त्यांच्यातच असतं, त्या मागे राहिल्या की प्लेअरला पुस्तक कळतच नाही, नुसता आवाज कळतो. म्हणून झिप उघडायची आणि आतलं एकही नाव न बदलता अख्खा फोल्डर, कार्डात डॉलरचं चिन्ह आणि पुढे व्हीआरडीटीबी असं नाव असलेला जो फोल्डर आहे ना, त्यात ठेवायचा. रिकामं कार्ड घातलं की हे फोल्डर प्लेअर स्वतःच बनवतो. प्रत्येक पुस्तकाचा फोल्डर मात्र वेगळा हवा.

आता बाबा. प्लेअर त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला बसा, बटण दाबायला हात पुढे करू नका, कितीही वेळ लागला तरी. आकड्यांची बटणं जुन्या मोबाइलसारखीच आहेत आणि पाचवर उंच ठिपका आहे, अंगठ्याने तो सापडला की बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला. सुरुवातीला शून्य दाबून धरायला सांगा, मग कुठलंही बटण दाबलं की ते काय करतं एवढंच प्लेअर बोलून दाखवतो, पुस्तक जागचं हलत नाही, त्यामुळे काही बिघडेल ही भीतीच जाते. एक दुपार त्यांना नुसतं हेच करू द्या. मग दोन आणि आठ, यांनी ठरतं की उडी प्रकरणाची मारायची की पानाची, आणि चार म्हणजे मागे, सहा म्हणजे पुढे. कुठे आहोत ते विसरले तर पाच. बस, एवढ्यावर माणूस आरामात पुस्तक वाचतो, बुकमार्क वगैरे नंतर येईल. आणि बंद करून परत लावलं की पुस्तक सोडलं तिथूनच सुरू होतं. रात्री ऐकता ऐकता झोप लागत असेल तर स्लीप टायमर आहे, पंधरा मिनिटांचा लावून द्यायला शिकवा.

आपल्याकडे मे महिन्यात कूलर सुरू झाला की छोट्या स्पीकरचं काही ऐकू येत नाही, तेव्हा इयरफोन लागतोच, पण एकाच कानात घालू द्या, घरात कोण आलं गेलं ते त्यांना दुसऱ्या कानाने कळायला हवं. आणि बर्डीवर जाताना प्लेअर उन्हातल्या गाडीत ठेवून उतरू नका, बॅटरीची वाट लागते.

प्रश्न : आईला दिसतं, पण लकव्यामुळे पुस्तक हातात धरता येत नाही, पानं उलटता येत नाहीत. ही पुस्तकं फक्त अंधांसाठीच असतात का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो, आईलाही हक्क आहे. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात अंध माणसांसोबतच, पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही अशी माणसंही स्पष्ट धरली आहेत, आणि २०१४ मध्ये या कराराला मान्यता देणारा आपला देश जगात पहिला होता. त्याच्याही आधी, २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींसाठी अशी पुस्तकं बनवायची मोकळीक मिळाली होती. सुगम्य पुस्तकालय २०१६ मध्ये सुरू झालं, तिथे आईच्या नावाने नोंदणी करा आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. हाताचं तुम्ही लिहिलंच आहे, तेव्हा प्लेअर घ्यायच्या आधी त्याची बटणं त्यांच्या चांगल्या हाताच्या बोटांनी दाबून बघू द्या.