मेलेला पक्षी कोणाचा?

प्रश्न : पहिल्या पावसात आमच्या इमारतीच्या काचेवर आपटून एक नवरंग मेला. इतका देखणा पक्षी कचऱ्यात टाकवेना, म्हणून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला आहे. एखाद्या संग्रहालयाला देऊ का? (डोंबिवली)

उत्तर : परस्पर देऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता असते आणि या कायद्यात ‘प्राणी’ म्हटलं की पक्षीही आलेच. तो हाती आल्यापासून 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं, आणि त्यांनी मागितला तर सोपवायचा. लेखी पूर्वपरवानगीशिवाय तो जवळ ठेवणं, कुणाला देणं आणि नष्ट करणं, या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. म्हणजे काटेकोर अर्थ लावला तर सोसायटीच्या बागेत खड्डा खणून पुरणंसुद्धा नियमात बसत नाही!

तेव्हा आधी 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि कधी, कुणाशी बोललात ते लिहून ठेवा. मग दोन ओळींचा अर्ज द्या, की हा पक्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डीच्या केंद्राकडे जावा. त्याच दिवशी त्या संस्थेलाही कळवा, कारण ठेवून घेण्याची परवानगी तिच्या नावाने लागेल. अर्ज नसेल तर बहुधा पंचनामा होतो आणि पक्षी पुरला किंवा जाळला जातो. यात कायद्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ‘मेलेलाच सापडला, साहेब’ हे शिकाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं, ती पळवाट बंदच हवी. ज्यांच्याकडे प्राणिशास्त्राचा विभाग आहे त्या महाविद्यालयांनी मात्र दर वेळी धावपळ करण्यापेक्षा आपल्या भागापुरती परवानगी आधीच मागून ठेवावी.

प्रश्न : पक्षी वनरक्षक घेऊन गेले. माझ्याकडे फक्त फोटो आहे, तारीख आणि नेमकी जागा लिहून ठेवली नाही. बिघडलं का? (चिपळूण)

उत्तर : बरंच बिघडलं. आठवतंय तोवर आजच लिहून काढा. ठिकाण आणि तारीख नसलेला पक्षी शोभेचा, संशोधनाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. चुकीची नोंद तर त्याहून घातक. वनपिंगळ्याचंच पाहा. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेल्या नमुन्यांनंतर हे घुबड कुणाला दिसलं नव्हतं. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगितलेला नमुना. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा कळलं, की तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता. पुन्हा पेंढा भरून वर नवं लेबल चिकटवलेलं! ती नोंद बाद केली, जुन्या खऱ्या लेबलांवर भरवसा ठेवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशातल्याच शहाद्याजवळ रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत वनपिंगळा सापडला.

म्हणून तारीख, वेळ, गावासह जागा, शक्य असल्यास मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, मृत्यूचं दिसणारं कारण (काच, तार, मांजा, वाहन) आणि ज्याला सापडला त्याचं नाव, एवढं पेन्सिलीने कागदावर लिहावं. पंचनाम्यातही हेच येतं, त्यामुळे तुमचं टिपण वनरक्षकालाही हवंच असतं.

प्रश्न : मुलगी पिसं जमवते. चालतं ना? (नाशिक)

उत्तर : मोराच्या पिसाऱ्यातली पिसं कायद्याने बऱ्याच बंधनांतून वगळली आहेत. इतर वन्यपक्ष्यांच्या पिसांना ती सवलत नाही. जपून ठेवलेलं पीस कायद्याच्या व्याख्येत ‘ट्रॉफी’मध्ये, म्हणजे वन्यप्राण्याच्या जपून ठेवलेल्या भागांत, मोडतं. चौथीतल्या मुलीच्या वहीवर कुणी धाड घालणार नाही, पण शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि पीस तिथंच सोडायचं, ही सवय चांगली.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात पेंढा भरलेले जुने पक्षी आहेत. कागदपत्रं सापडत नाहीत. टाकून द्यावेत का? (सातारा)

उत्तर : मुळीच नाही. टाकून देणं म्हणजे पुन्हा ‘नष्ट करणं’. जुनी जडवस्तू-नोंदवही, खरेदीच्या पावत्या आणि मालकीचं प्रमाणपत्र शोधा. 2003 मध्ये सरकारने असा साठा जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती. तेव्हाचा अर्ज कार्यालयात कुठेतरी असू शकतो. काहीच मिळालं नाही, तर प्राचार्यांच्या सहीने यादी आणि फोटो जोडून उपवनसंरक्षकांना स्वतःहून कळवा. 2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनुसूची 1 मधल्या, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. आणखी एक : जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण चोळत असत. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय विद्यार्थ्यांना कपाट उघडू देऊ नका.

प्रश्न : मी शिकागोत असते. इथे ऑफिसच्या काचेखाली सकाळी मेलेले पक्षी दिसतात. उचलले तर गुन्हा? (शिकागो)

उत्तर : हो, एकटीने उचलून घरी नेले तर. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली तिथले बहुतेक स्थानिक पक्षी येतात आणि परवान्याशिवाय मेलेला पक्षी किंवा नुसतं पीस बाळगणंही गुन्हा ठरतो. चिमणी (हाउस स्पॅरो), युरोपीय मैना (स्टार्लिंग) आणि पारवा यांना तो लागू नाही. गरुडांसाठी वेगळा कायदा आहे.

पण तुम्ही योग्य शहरात आहात. शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्सचे स्वयंसेवक पहाटे इमारतींखाली फिरतात आणि मेलेले पक्षी फील्ड म्युझियमकडे जातात. तिथल्या डेव्हिड विलार्ड यांनी 1978 पासून मॅककॉर्मिक प्लेस या इमारतीखाली आपटलेले पक्षी गोळा केले आणि मोजले. अशा 52 जातींच्या सत्तर हजारांवर पक्ष्यांच्या मापांवरून 2019 मध्ये दिसून आलं, की चार दशकांत त्यांची शरीरं लहान आणि पंख किंचित लांब होत गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या एकाच इमारतीखाली एका रात्रीत साडेनऊशेहून जास्त पक्षी पडले होते. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, मग उचलायची रीतही ते शिकवतील.

प्रश्न : गावच्या तळ्याकाठी एकदम सात-आठ कावळे मेलेले दिसले. नमुने म्हणून ठेवावेत का? (परभणी)

उत्तर : हात लावू नका! एकाच जागी इतके पक्षी मेले की आधी बर्ड फ्लूची शंका घ्यायची. जानेवारी 2021 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात मुरुंबा इथे कोंबड्यांमध्ये तो निघाला होता. पशुसंवर्धन विभाग आणि वनविभाग, दोघांनाही कळवा. तपासणीचे नमुने तेच घेतील आणि ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातील. तोवर कुत्री आणि कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नका.