चेहऱ्याआधी पोशाख वाच

सप्रेम आशीर्वाद.

वेंगुर्ल्याच्या घरातल्या त्या बाईंच्या तैलचित्रावरचं तुझं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीत तुला त्यांच्या डोळ्यांत दुःख दिसलं आणि पुढचं सगळं लिखाण त्या दुःखाला पुरावे गोळा करत गेलं. ही वाट मला पटत नाही. चेहऱ्यावर आपण आपल्याच मनातलं वाचतो. पोशाख इतक्या सहज आपल्या मनासारखा वागत नाही.

पैठणी, नथ, तन्मणी, अंबाड्यावर फूल. रोज कुणी अशी वावरत नाही. चित्रासाठी पेटी उघडली गेली आहे. ती कुणी उघडली? बाईंनी स्वतः, सासऱ्यांनी, की चित्रकाराने सांगितलं म्हणून? पोलक्याच्या बाह्यांना लेस आहे असं तू ओझरतं लिहिलंस. माझ्या मते अख्ख्या टिपणातली सर्वांत मोलाची नोंद तीच. पैठणीखाली विलायती लेस घालणारं घर कोणतं असेल, याचा विचार कर.

त्या काळी पुष्कळ व्यक्तिचित्रं फोटोवरून काढली जात, कधी माणूस गेल्यानंतरही. फोटोसाठी न हलता बसावं लागे, म्हणून चेहरे ताठ यायचे. शिवाय आपली दमट हवा आणि पिवळं पडलेलं वॉर्निश. तुला दिसलेली खिन्नता यातूनही आली असेल. (चित्रावर ओलं फडकं किंवा बटाट्याची चकती कुणाला फिरवू देऊ नकोस, कृपा करून!) टॉर्च कडेने तिरका धरलास तर मागाहून चढवलेला रंग ओळखू येतो, कुंकवापाशी मुद्दाम बघ.

आपल्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिला गृहलक्ष्मी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी, आणि माध्यम जलरंग. पारदर्शक जलरंगात उजेड वरून चढवता येत नाही, कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो. दिव्याआड धरलेल्या हाताची बोटं आतून तांबूस उजळलेली बघितलीस की कळेल, चित्रकाराचा जीव कशात गुंतला होता. त्या चित्राचा अर्थ मी त्या बोटांपासून लावेन.

पुढच्या खेपेला घरच्यांना विचारून चौकट उतरव. मागे सही आहे का, चौकटवाल्याची चिठ्ठी आहे का, बघ. आणि घरातल्या आजींना विचार, तो तन्मणी आता कुणाकडे आहे. मिळाला तर त्याचे सर मोज आणि चित्राशी ताडून बघ. जुळले नाहीत, तर दागिना चित्रकाराने आपल्या मनाने घातला असेल. तसं असेल तर टिपण तिथूनच नव्याने सुरू कर आणि मला धाड.