गळ टाकायला क्लब कशाला लागतो?

तुमचा प्रश्न असा, की इंग्लंडमधल्या तुमच्या गावच्या अँगलिंग क्लबाचे सभासद झालात, जुन्या इतिहासाची पुस्तिका चाळलीत, तर तिच्यात माशांपेक्षा पब, रेल्वे, भाडेपट्टे आणि कोर्टकचेऱ्याच जास्त. आणि मुळात नदीत गळ टाकायला क्लब कशाला? मी इथल्याच एका क्लबात बरीच वर्षं आहे, काही काळ समितीवरही काढला आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी दुसरा प्रश्न, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. इथे भरती-ओहोटीच्या पाण्यात सहसा कुणीही मासे धरावेत. त्याच्या वरच्या भागात मात्र नदीतून होड्या चालत असल्या तरी मासेमारीचा हक्क काठाच्या जमीनमालकाचा, साधारणपणे त्याच्या काठापासून पात्राच्या मध्यापर्यंत. हा हक्क जमिनीपासून सुटा करून विकता येतो, भाड्यानंही देता येतो. कारखान्यातल्या एकट्या कामगाराला असा काठ घेणं कुठलं परवडायला? मग वर्गणी काढायची, चिटणीस-खजिनदार नेमायचे आणि जमीनदाराकडून नदीचा एखादा पट्टा भाड्यानं घ्यायचा. आपल्याकडे मच्छीमार सहकारी संस्था तलावाचा ठेका घेते, त्यातलाच प्रकार. फक्त इथे मासा विकायचा नसतो, आणि आता तर बहुतेक वेळा वजन करून परत पाण्यात सोडतात.

श्रीमंतांचे क्लब आधीपासून होतेच. टेस्ट नदीवरच्या स्टॉकब्रिजचा हॉटन फिशिंग क्लब १८२२ चा, मोजक्याच सभासदांचा आणि आजही चालू. पण ट्राउट आणि सामन हे साहेबांचे मासे. रोच, ब्रीम, पर्च, पाइक हे उरलेले सगळे कामकऱ्यांच्या वाट्याला आले, आणि तुमच्या क्लबासारखे बहुतेक गावठी क्लब याच माशांवर उभे राहिले.

पबचं गणित सोपं आहे. बैठकीला फुकट खोली मिळायची, मालकाचा बिअरचा धंदा व्हायचा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कित्येक क्लबांत रविवारी संध्याकाळी मासे पबात आणून सगळ्यांसमोर तोलले जात. जुन्या पबांच्या भिंतींवर काचेच्या पेटीत पेंढा भरलेले पाइक दिसतात, ते त्याच काळाची आठवण.

रेल्वेचं कारण मात्र जरा कडवट आहे. शेफील्डच्या पोलाद कारखान्यांनी गावची डॉन नदी मारून टाकली, मग तिथले गळवाले खास गाड्यांनी लिंकनशरला, विदम नदीकडे जाऊ लागले. रेल्वे कंपन्या क्लबांच्या सभासदांना सवलतीची तिकिटं देत, म्हणजे क्लबात नाव घालण्याचा तो एक रोकडा फायदाच. १८७८ चा गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा कायदा मांडणारे मंडेला हेही शेफील्डचेच खासदार. १५ मार्च ते १५ जून ही विणीच्या काळातली बंदी त्या कायद्यानं आणली आणि नद्यांवर ती अजून लागू आहे. बहुतेक तळ्यांवरची १९९५ मध्ये उठली. १६ जूनला पहाटे काठावर का गर्दी असते, हे तुम्हाला कळेलच.

स्पर्धांबद्दल थोडक्यात: क्लबांचा राष्ट्रीय महासंघ १९०३ चा, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०६ ची, थेम्सवर पँगबर्नला. पुस्तिकांतून चषकांच्या याद्या पानंच्या पानं असतात, त्या खुशाल ओलांडा.

वाचायचं ते कोर्टाचं. भाडेपट्टा हातात असल्यामुळे क्लबाला एक गोष्ट मिळाली, जी नुसत्या हौशी माणसाकडे नव्हती: दावा लावायचा अधिकार. नदी घाण झाली म्हणून कुणालाही हळहळता येतं, पण ‘माझ्या मालमत्तेचं नुकसान झालं’ असं न्यायाधीशापुढे म्हणायला मालमत्ता असावी लागते. मासेमारीचा हक्क ही तशी मालमत्ता. हे ओळखून जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरनं १९४८ मध्ये अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन काढली. क्लबांनी थोडी थोडी वर्गणी द्यायची आणि दाव्याचा खर्च संस्थेनं उचलायचा. एखादा छोटा क्लब एकटा कारखान्याशी लढायला गेला असता, तर वकिलाच्या पहिल्या बिलातच बुडाला असता.

या संस्थेचा गाजलेला खटला डर्बीचा. ‘प्राइड ऑफ डर्बी’ हा अँगलिंग क्लब आणि त्याच्या बाजूनं हॅरिंग्टनचे अर्ल, म्हणजे कामकऱ्यांचा क्लब आणि उमराव एकाच बाकावर. समोर तिघे: ब्रिटिश सेलनीज हा कृत्रिम धाग्याचा कारखाना, डर्बीची नगरपालिका आणि वीज प्राधिकरण. पहिला रासायनिक सांडपाणी सोडत होता, दुसरी अर्धवट शुद्ध केलेलं मैलापाणी आणि तिसरं वीज केंद्रातलं गरम पाणी. डर्वेंट नदीतले मासे आणि त्यांचं खाद्यही संपलं होतं. नगरपालिकेचं म्हणणं, मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र बांधलं तेव्हा पुरेसं होतं, लोकसंख्या वाढली त्याला आम्ही काय करणार? मनाई हुकमाऐवजी नुकसानभरपाई घ्या. अपील कोर्टानं ते ऐकलं नाही. मनाई हुकूम कायम राहिला, फक्त सुधारणा करायला मुदत मिळाली. १९५३ च्या निकालसंग्रहात छापलेला हा निकाल इंग्लंडात कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. माझ्या मते नद्यांसाठी गळवाल्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याला कुठलाही चषक नाही.

पुढचं भराभर सांगतो. युद्धानंतर रेती काढून उरलेले खड्डे पाण्यानं भरले, ते क्लबांनी स्वस्तात भाड्यानं घेतले. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला आणि सगळ्यांचं लक्ष कार्पकडे वळलं. पुढे खासगी तळेवाल्यांनी ठासून कार्प भरले, दिवसाचं तिकीट विकायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी आणि काठ साफ करायची श्रमदानाची रविवार सकाळ यांपेक्षा लोकांना ते सोयीचं वाटलं. कित्येक क्लबांची सभासदसंख्या तिथून घसरली. २००९ मध्ये महासंघ अँगलिंग ट्रस्टमध्ये विलीन झाला, आणि ईस्टवुड यांच्या संस्थेचं काम ‘फिश लीगल’ या नावानं चालू आहे.

तुमच्या क्लबाचा इतिहास खरोखर हवा असेल, तर चिटणिसांकडे जुन्या सभांची इतिवृत्तं आणि भाडेपट्ट्यांची फाइल मागा. कुठला काठ कधी घेतला, भाडं कधी वाढलं, कुठला पट्टा का सोडला, हे तिथे सापडेल. सोबत जुना नकाशा ठेवून वाचा, कारण पट्ट्याची हद्द बहुतेक वेळा आता नसलेल्या झाडापासून किंवा कुंपणापासून सांगितलेली असते.