सहा वर्षांच्या मुलीला नागपुरातल्या वनउद्यानात दोरीच्या साहसी वाटेवर चढवावं का? कोणत्या महिन्यात न्यावं?

चढवा. मुलगी आहे म्हणून विचारत असाल, तर दोनदा सांगते, चढवा.

माझी लेक सात वर्षांची असताना आम्ही सगळं कुटुंब इथल्याच एका वनउद्यानात गेलो होतो. जाळी ती झरझर चढली. पुढे डुलत्या फळ्यांचा पूल होता, तिथे तिसऱ्या फळीवर थांबली. गुडघे लटपटत होते, पण दोर घट्ट धरलेला आणि नजर चौथ्या फळीवर. मी खाली उभी होते, मुद्दाम गप्प. मूल असं थांबतं तेव्हा अंदाज घेत असतं. तेवढ्यात आमचे भासरे, म्हणजे मोठे दीर, ओरडायला लागले, "उतरवा तिला! पोरीच्या जातीचा हातपाय मोडला तर पुढे कोण निस्तरेल?" तिथल्या पोराला शिडी लावायला लावून तिला उचलून खाली घेतलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, किती घाबरली होती बिचारी, रडत होती. अहो, पुलावर ती रडलीच नव्हती. रडली ती खाली उतरवल्यावर. रात्री तिच्या मोज्यांतली कुसळं एकेक करून काढत बसले होते, तेव्हा म्हणाली, "आई, मी पाय उचललाच होता. मोठे बाबाच ओरडले."

त्यांचा मुलगा तिच्याच वयाचा. त्याच पुलावर तोही थांबला होता. त्याला मात्र "चल रे वाघा!" नऊ वर्षं झाली, तेव्हा धाकटी सून म्हणून गप्प बसले, याचं अजून वाईट वाटतं.

तर महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी फाटक उघडताच. आपल्याकडचं रान सागाचं, पानगळीचं. ऊन तापायला लागतं नेमकं तेव्हाच झाडं उघडी पडतात, सावली नावालाही उरत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. पावसाळ्यात फळ्या निसरड्या होतात. हिवाळ्यात कुसळं टोचतात तेवढीच, फुल पँट घाला.

आणि खालून ओरडणारं माणूस सोबत नेऊ नका, मग ते नात्यानं कितीही मोठं असो. न्यावंच लागलं तर निघण्याआधी बजावून ठेवा की मुलीशी तिथे फक्त तिची आई बोलेल. मी तेव्हा हे बोलायला हवं होतं.

हो, एक राहिलंच. चढण्याआधी कंबरेला-मांड्यांना बांधतात तो सुरक्षा पट्टा आधी स्वतः तपासा. मांडीभोवती दोन बोटं जेमतेम जावीत, शिवण उसवलेली नसावी. पट्टा दोराला अडकवायचे आकडे दोन असतात, दुसरा अडकवल्याशिवाय पहिला काढायचा नाही, हे तिच्याकडून जमिनीवरच चार वेळा करून घ्या. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका. आणि ती स्वतः "आई, उतरव" म्हणाली, तर लगेच उतरवा.