गच्चीवरच्या मिरचीची फुलं का गळतात?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात गच्चीवर कुंड्यांत ज्वाला मिरची लावली आहे, मे महिना सुरू झाल्यापासून फुलं गळतात आणि काही झाडांची पानं आकसली आहेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

फूलगळ उन्हामुळे आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं की परागकण निकामी होऊ लागतात, मग फळ धरत नाही. आपल्याकडे तर पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी युरिया अजिबात घालू नका. पाला माजतो आणि कोवळ्या पाल्यावर कीड तुटून पडते. ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा, कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, मातीवर पाचटाचा किंवा वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या.

पाण्याकडेही बघा. नुसती काळी माती भरली असेल तर ती वाळल्यावर कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून निघून जातं. वरून ओलं दिसतं, मुळं मात्र कोरडी! २ भाग माती, १ भाग कुजलेलं शेणखत, १ भाग कोकोपीट हे मिश्रण वाफसा, म्हणजे मुळांना हवा मिळेल इतपतच ओल, चांगला धरतं. कुंडी १२ इंचांची हवी, त्यात मूठभर निंबोळी पेंड.

आता पानं, आणि इथंच बहुतेकांची चूक होते. पानं आकसली की बोकड्या रोग म्हणून सगळ्यांवर एकच औषध मारतात. आधी पान नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळट किडे पळताना दिसतील. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं पुन्हा. निळे चिकट सापळेही लावा.

पान खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. त्यावर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण मेच्या उन्हात ते मारू नका, पानं करपतात, आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे तरी नकोच. तोवर बिघडलेले शेंडे खुडून जाळून टाका.

पानं बारीक, शिरा जाड आणि झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. याला औषध नाही. जीवावर आलं तरी ते झाड उपटा, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातील.

जी झाडं निरोगी आहेत ती ठेवा, जूनच्या पावसानंतर तीच फळं धरतील. नवीन बी मेअखेर सावलीत टाका. ३५-४० दिवसांची रोपं जुलैत कुंडीत गेली की ऑगस्टअखेर फुलं येतात, तोवर ऊन उतरलेलं असतं.