वाचकांचे प्रश्न : ऑटोपायलटच्या सर्व्होसाठी बोल्ट कोणते?

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनी किट विमान बांधतो आहे. एलेरॉनच्या (विमानाला डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखावरच्या हलत्या पट्टीच्या) सर्व्होबरोबर, म्हणजे ऑटोपायलटच्या हुकमावर ती हलवणाऱ्या मोटरबरोबर, आलेले काही बोल्ट गहाळ झाले आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ‘ग्रेड ८’ बोल्ट विमानाच्या एएन (विमानासाठीच्या अमेरिकी मानकाच्या) बोल्टपेक्षा मजबूत असतात, असे दुकानदार म्हणतो. ते वापरावेत का? आणि सगळीकडे नायलॉनचे लॉकनट (आपोआप ढिले न होणारे नट) चालतील का?

उत्तर : दुकानदार आकड्यापुरते खरे बोलतो. ग्रेड ८ ची ताणशक्ती दर चौरस इंचाला १,५०,००० पौंड, तर एएन बोल्टची १,२५,०००. तरीही ते वापरू नका. सर्व्होच्या बोल्टची निवड ताकदीवर नव्हे, तर ग्रिपवर, म्हणजे आटे नसलेल्या दांड्याच्या लांबीवर ठरते. ही लांबी जोडल्या जाणाऱ्या भागांच्या एकूण जाडीइतकी हवी, कारण आटे छिद्राच्या आत आले की ते मऊ ॲल्युमिनियमला कानशीसारखे घासतात, छिद्र सैल होते, आणि सर्व्होच्या जोडणीत थोडीशी ढिलाई आली तरी ऑटोपायलट विमानाला सतत डावी-उजवीकडे डोलवत राहतो.

समजा, सर्व्होचा कान (बोल्ट ज्यातून जातो तो भाग) पाव इंच आणि ब्रॅकेट १/१६ इंच जाड आहे. बेरीज ५/१६ इंच होते. एएन३-५ए या क्रमांकाच्या बोल्टची ग्रिप पाव इंच, म्हणजे अपुरी. एएन३-६ए ची ३/८ इंच, म्हणजे १/१६ इंचाने जास्त. ही तफावत एएन९६०-१० हा एकच वॉशर नेमकी भरून काढतो. तेव्हा आधी कॅलिपरने जाडी मोजा आणि मगच बोल्ट मागवा. अस्सल एएन पोलादी बोल्टच्या डोक्यावर उठावाची फुली किंवा चांदणी असते, तीही पाहून घ्या.

सर्व्होचे धड ब्रॅकेटला जिथे बसते, तिथे नायलॉनचा लॉकनट योग्य आहे. मात्र तो बोटांनी सहज फिरू लागला असेल, तर टाकून द्या. त्या ३/१६ इंची बोल्टला २० ते २५ इंच-पौंड टॉर्क (पिळण्याचा जोर) द्यावा आणि नट नुसता फिरवायला लागणारा जोर त्यात मिळवावा. सर्व्होच्या भुजेला जोडलेला दांडा ज्या बोल्टभोवती हलतो, तिथे नियम वेगळा आहे. बोल्ट स्वतः फिरू शकेल अशा जोडणीत लॉकनट चालत नाही; तिथे दांड्यात छिद्र असलेला, म्हणजे क्रमांकाच्या शेवटी ‘ए’ नसलेला बोल्ट, कॅसल नट (खाचा असलेला नट) आणि त्या खाचांतून व छिद्रातून घालून वळवायची कॉटर पिन लागते. दांड्याच्या टोकाला गोलाकार बेअरिंग असेल, तर त्याच्या बाहेरच्या बाजूस मोठा वॉशर घाला, म्हणजे आतली गोळी निसटली तरी दांडा बोल्टवरच अडकून राहील. शक्य तिथे बोल्टचे डोके वर किंवा पुढे ठेवा, कारण नट गळाला तरी बोल्ट जागेवर राहण्याची शक्यता त्याने वाढते. ऑटोपायलट बंद असतानाही सर्व्हो एलेरॉनला जोडलेलाच असतो, म्हणून ही काळजी अनाठायी नाही.

काही सर्व्होंच्या भुजेत पितळी स्क्रू असतो. सर्व्हो अडकला, तर वैमानिकाने जोर लावल्यावर तुटावा म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. त्याच्या जागी पोलादी स्क्रू कधीही बसवू नका. तो निर्मात्याकडूनच मागवा.