सायनोटाइपचा निळा रंग धुताना वाहून का जातो? (नाशिक, पावसाळा)

सायनोटाइप म्हणजे रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर निगेटिव्ह (चित्राची पारदर्शक फिल्म) ठेवून उन्हात निळी प्रिंट काढायची पद्धत. रंग वाहून गेला तर बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं. श्रावणात नाशिकला घड्याळ लावून प्रिंट काढायचा नाद सोडा, रंग बघा: पिवळट हिरवा लेप निळा होऊन पुढे गडद जागी राखाडी दिसायला लागला, की मगच कागद उचला. लेपाचं मिश्रण नेहमीचंच. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, लावताना दोन्ही समसमान मिसळा. लेप अंधारात खडखडीत वाळवा. दमट कागदावरचा लेप निगेटिव्हला लागून ती खराब होते. बोअरचं पाणी असेल तर पहिल्या धुण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, क्षारधर्मी (अल्कलाइन) पाणी या निळ्याचं वैरीच. आणि ओली प्रिंट फिकी दिसली म्हणून लगेच फाडू नका, वाळल्यावर दिवसभरात निळा चांगला चढतो.